एप्रिलमध्ये नको, दिवाळी करून निघ

प्रश्न : मावशी, मी ३८ वर्षांची, इंदूरला सुदामा नगरात राहते, तेरा वर्षं झाली आयटीत टेस्टिंग करतेय आणि आता खरंच थकलेय. सहा महिन्यांचा ब्रेक घ्यायचं ठरवलंय आणि त्यात नर्मदा परिक्रमा पायी करायची आहे. एक्सेल बनवलंय : २६०० किलोमीटर, रोज २५, म्हणजे १०४ दिवस. मुलगी चौथीत आहे, तिची परीक्षा झाली की १५ एप्रिलला ओंकारेश्वरहून निघायचं आणि २७ जुलैला परत. नोटीस पीरियड ९० दिवसांचा आहे म्हणून याच आठवड्यात राजीनामा टाकणार आहे (या कंपनीत जूनमध्ये पाच वर्षं होतील). नवरा हो म्हणतोय, सासूबाई बोलत नाहीत. देवाधर्माचं मला फारसं नाही, मला चालायचंय. सगळे म्हणतात वेड लागलंय. काय करू?

उत्तर :

अगं, वेड वगैरे काही लागलेलं नाही तुला, तेरा वर्षं एका खुर्चीत बसलेल्या माणसाला चालावंसं वाटणं यात काय वेड. पण तो राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्येच राहू दे. मी आधी तेवढंच सांगणार होते, कारण तुझी इच्छा चांगली आहे आणि तारीख चुकीची आहे, आणि तारीख चुकली की बाकी सगळं चुकत जातं.

१५ एप्रिलला ओंकारेश्वरहून निघालीस की पहिले आठ-दहा दिवस खरगोन जिल्हा. निमाड. आपण इंदूरवाले उन्हाळ्यात संध्याकाळी गच्चीवर थंड वारा घेतो ना, तो माळव्याच्या पठाराचा लाड आहे, घाट उतरून बडवाहला गेलं की तो लाड संपतो. खरगोनला मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, काठावर काळे दगड आणि वाळू तापलेली, सावली कुठे तर थेट पुढच्या गावात, आणि तुझ्या पाठीवर ओझं. रोज २५ सोड, सकाळी दहानंतर तू चालूच शकणार नाहीस. मग जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाऊस येणार, नाले भरणार, काळी माती बुटाला किलोकिलोने चिकटणार. आणि जुलैत आषाढी एकादशी आली की चातुर्मास लागतो, परिक्रमावासी जिथे असतील तिथेच थांबतात, चार महिने चालत नाहीत. म्हणजे तुझं २७ जुलै नुसतं अवघड नाही, ती वाटच त्या दिवसांत बंद असते म्हण ना. हा नियम धर्माचा म्हण किंवा पुराचा म्हण, ज्यांनी केला त्यांना नदी माहीत होती.

म्हणून निघायचं कार्तिकीनंतर, देवउठनी ग्यारस झाली की. लोक तेव्हाच परिक्रमा उचलतात. ती ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत कधीही येते, कॅलेंडर बघ. आता तुझं गणित उलटं लाव, तिथून मागे ये. दिवाळी घरी करायची, तुळशीचं लग्न लावायचं आणि निघायचं. त्याआधी किमान तीन-चार आठवडे मोकळे हवेत, ऑफिसचं डोकं उतरायला आणि पाय तयार व्हायला, म्हणजे शेवटचा दिवस ऑक्टोबरच्या मध्यावर, म्हणजे राजीनामा जुलैच्या मध्यावर. आणि बघ, तोवर तुझी पाच वर्षंही पूर्ण होतात, ग्रॅच्युइटीला ती लागतात, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार या हिशोबाने रक्कम होते, ती दोन महिन्यांच्या घाईसाठी कशाला वादात घालायची. अजून एक, राजीनाम्याच्या आधी बिनपगारी लांब रजा मिळते का ते विचार. तोंडी नाही, मेलवर. नाही म्हणाले तर नाही, पण न विचारता सोडू नकोस.

मी चालले तेव्हा ५३ वर्षांची होते, नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि त्याच वर्षी निघाले, त्यामुळे आता जे सांगतेय ते पायाने शिकलेलं आहे.

नदी १३१२ किलोमीटर आहे, दोन्ही काठ धरून २६२४, तुझं २६०० तिथूनच आलंय. पण तू नकाशावरच्या निळ्या रेषेवर चालणार नाहीयेस. धरणांच्या पाण्याने किनाऱ्याचा रस्ता जागोजागी बुडालाय, इंदिरा सागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर, तिथे लांबून वळसा पडतो. उपनदी आली की उतार शोधत आत जावं लागतं. मग विमलेश्वर. दक्षिण काठ समुद्राला मिळतो तिथे नावेत बसून पलीकडे मिठी तलाईला उतरायचं, नाव सुटते भरतीच्या हिशोबाने, माणसं जमली की, आणि कधी कधी दोन-तीन दिवस नुसतं बसून राहावं लागतं. एक्सेलमध्ये याला कॉलम नाही. रोज वीसचा हिशोब धर, आठवड्यात एक दिवस पूर्ण आराम, म्हणजे सरासरी सतरा, आणि एकूण पाच-साडेपाच महिने. तुझे सहा महिने त्यातच संपले! परत आल्यावर नोकरी शोधायला दोन महिने हवेत की नकोत? घरखर्च आणि कर्जाचा हप्ता असेल तर तोही, आठ महिन्यांचा बाजूला काढून ठेव, सहाचा नाही. पीएफला हात लावू नकोस.

विम्याचं सगळे विसरतात म्हणून इथे जरा थांबते. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो, तुझा, नवऱ्याचा, मुलीचा, आणि सासूबाई त्यात असतील तर त्यांचाही. नवी पॉलिसी घेतली की पहिले ३० दिवस आजारपणाचा क्लेम चालत नाही, अपघात सोडून. म्हणून नोकरीत असतानाच, सप्टेंबरमध्ये, स्वतःची फॅमिली पॉलिसी घेऊन टाक. आणि दातांच्या डॉक्टरकडे जाऊन ये. हसू नकोस, काठावर माझ्यासोबतच्या एका बाईंची दाढ दुखायला लागली आणि सगळ्यात जवळचा डॉक्टर ४० किलोमीटरवर होता.

आता तू जे एका ओळीत लिहून पुढे गेलीस ते. देवाधर्माचं फारसं नाही. ठीक आहे, तिथे तुला कुणी श्रद्धेची परीक्षा घेत नाही. पण तू काठी घेऊन, पाठीवर झोळी घेऊन, नदी उजव्या हाताला ठेवून चाललीस की काठावरच्या लोकांसाठी तू परिक्रमावासी आहेस, मैया आहेस. लहान पोरं लांबून पळत येऊन नर्मदे हर म्हणतील, म्हाताऱ्या बायका तुझ्या पाया पडतील, तुला संकोच होईल, होऊ दे. सकाळी कुणी बालभोगाला, म्हणजे न्याहारीला, थांबवेल, रात्री आश्रमात आसन लावायला जागा मिळेल, शिधा मिळेल त्याला सदाव्रत म्हणतात. यातलं काहीच विकत नाहीये. ज्या घरात तुला जेवायला बसवतात त्यांच्या स्वतःच्या डब्यात दुसऱ्या दिवसाचं पीठ असतंच असं नाही. म्हणून माझं यावर ठाम मत आहे, आपण कमावती माणसं तिथे हॉटेलात आल्यासारखं वागायचं नाही. भाजी चिरायची, अंगण झाडायचं, भांडी घासायची, निघताना दानपेटीत जमेल ते टाकायचं आणि कुठल्याही आश्रमात पंखा नाही, चहा गोड आहे असं बोलायचं नाही. आणि संकल्प करणार असशील तर नियम पाळ, नदी ओलांडायची नाही म्हणजे नाही. पाळायचे नसतील तर संकल्प करू नकोस, साधी पदयात्री म्हणून चाल, जिथे पैसे घेतात तिथे पैसे दे, कुणी विचारलं तर खरं सांग. दोन्ही चालतं.

तुला एक सांगते. माझा चौथा दिवस होता, बकावांच्या पुढे, तिथे नर्मदेतल्या दगडाची शिवलिंगं घडवतात ते गाव. डाव्या टाचेला सकाळपासून गरम लागत होतं, मी म्हटलं पुढच्या गावात बघू, आणि असं म्हणत सहा किलोमीटर चालले. बूट काढला तर मोजा कातडीला चिकटलेला. मी कापसाच्या शेताच्या बांधावर बसले होते, वेचणी चालू होती, एक बाई ओटीतला कापूस तसाच धरून आली, काही न विचारता माझं पाऊल तिच्या मांडीवर घेतलं, मला इतकी लाज वाटली, मी ओढून घ्यायला लागले तर तिने घोटा घट्ट धरला. घरी नेलं, मिठाच्या कोमट पाण्यात पाय ठेवायला लावला आणि ज्वारीची भाकर, अमाडीची भाजी समोर ठेवली. तिच्या स्वतःच्या टाचा भेगांनी फाटलेल्या होत्या. मला पाच दिवस तिथेच, गावच्या देवळात थांबावं लागलं.

तेव्हा टाच गरम लागली की त्याच क्षणी थांबायचं. मोजा काढ, पाय वाळव, मेडिकलमध्ये कागदी चिकटपट्टी मिळते ती लाव, मग चाल. फोड आल्यावरची सगळी औषधं या दोन मिनिटांपुढे काहीच नाहीत. बूट एक नंबर मोठा घे कारण पाऊल सुजतं, आणि किमान दोनशे किलोमीटर चाललेला असू दे, नवा कोरा नको. सोबत सँडल, चिखलासाठी आणि पाण्यात उतरायला. पाठीवरचं वजन तुझ्या वजनाच्या दहाव्या हिश्शापर्यंत ठेव, सहा किलो फार झाले. कपडे दोन जोड. लोकं लॅपटॉप घेऊन जातात असं ऐकलंय, तू नेऊ नकोस.

बायकांचं म्हणून थोडं. एकटी चालू नकोस, मी घाबरवत नाहीये, काठावर मला कुणी वाकडं बोललं नाही, पण दोघी-तिघी असलं की शौचाला जाणं, आजारपण, कुत्री, सगळंच सोपं होतं. चार-साडेचारपर्यंत मुक्कामाला पोचायचं, अंधारात चालायचंच नाही. पाळीचं आधी ठरवून जा, कप वापरता येत असेल तर आत्तापासून सवय कर कारण पॅड टाकायला जागा नसते. काही आश्रमांत त्या दिवसांत मंदिर आणि स्वयंपाकघरापासून लांब राहायला सांगतात, तिथल्या माताजींना आधीच साधेपणाने सांगायचं, त्या सोय करतात. तुला हे पटणार नाही, मलाही पटत नव्हतं, पण दिवसभर चालून आल्यावर त्यांच्या ओसरीत बसून मी त्यांच्याशी वाद घातला नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

बडवानीच्या पुढचं जंगल, शूलपाणीची झाडी, त्याबद्दल तुला सगळे घाबरवतील. पूर्वी तिथे परिक्रमावासीयांना लुटायचे, अंगावरचे कपडेसुद्धा घ्यायचे, हे खरं आहे. आता तिथलेच भिल्ल आणि पावरा लोक वाट दाखवतात, जेवू घालतात. तिथली खरी अडचण वेगळी आहे, चढउतार भरपूर, सरदार सरोवराचं पाणी आत शिरल्यामुळे काठाने जाता येत नाही, डोंगरातून जावं लागतं आणि फोनला रेंज नाही. म्हणून घरी आधीच सांगून ठेव की बडवानी सोडल्यावर तीन-चार दिवस फोन लागला नाही तर घाबरायचं नाही.

आता घर. नवरा हो म्हणतोय म्हणजे नक्की कशाला हो म्हणतोय ते विचार. नोव्हेंबर ते एप्रिल म्हणजे मुलीचं पाचवीचं अख्खं दुसरं सत्र, डबा, शाळेची व्हॅन, खोकला, पालकसभा, वार्षिक परीक्षा. हे सगळं त्याला करायचंय, त्याच्या आईला नाही. मला वाटतं सासूबाई गप्प आहेत त्या इथेच, त्यांना परिक्रमेचा राग नसेल, घर पुन्हा आपल्या अंगावर येणार हे त्यांना दिसतंय आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही. त्यांच्याजवळ बस आणि विचार. दिवसाला पोळ्यांची बाई लावायची असेल तर तिचा पगार तुझ्या आठ महिन्यांच्या पैशात धर. आणि परिक्रमेचा विषय त्यांच्याशी काढच, त्यांच्या माहेरी नाहीतर शेजारी कुणी ना कुणी चाललेलं असणार, आपल्या इंदूरच्या मराठी घरांत असं माणूस निघतंच.

आणि मुलीसाठी माझा एक हिशोब बघ. ओंकारेश्वरहून दक्षिण काठाने पश्चिमेला, समुद्र, आणि उत्तर काठाने परत मांडू, महेश्वर, हा सगळा भाग एकूण वाटेच्या अंदाजे एक तृतीयांश होतो, पन्नास-पंचावन्न दिवस. कार्तिकीला निघालीस तर तू महेश्वरला साधारण संक्रांतीच्या आसपास पोचतेस. घरापासून नव्वद किलोमीटर. एका रविवारी नवऱ्याने मुलीला आणि आईला गाडीत घालून आणायचं, अहिल्याबाईंच्या घाटावर तीळगूळ द्यायचा. मुलीला आत्ता सहा महिने सांगू नकोस, तिला संक्रांत सांग, एवढं ती मोजू शकते. आणि तिथे सगळ्यांनी मिळून ठरवा, पुढे उगमाला, अमरकंटकपर्यंत जायचं की बडवाहला थांबून पुढच्या वर्षी त्याच जागेवरून उचलायचं. खंडाखंडाने केलेली परिक्रमा काही लोकांना मान्य नाही, मला आहे. जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड १९७७ मध्ये निघाले तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते, दरवेळी थोडं थोडं चालले, अनेक वर्षं चालत राहिले. त्यांची नदी अर्धवट राहिली असं कुणी म्हणेल का?

बायोडाटामधल्या गॅपची भीती तू लिहिली नाहीस पण ती आहे हे मला ओळींतून दिसतं. सहा-आठ महिन्यांची गॅप सरळ सांगायची, नोकरी सोडून नर्मदेकाठी चालले. लपवलं की प्रश्न वाढतात. बाकी त्याबद्दल मी यापेक्षा जास्त सांगू शकत नाही, तुझ्या क्षेत्रातल्या दोघा-तिघांना विचार ज्यांनी ब्रेक घेतलाय.

आणि राजीनामा जुलैत टाकायच्या आधी एक काम करायचंच. येत्या फेब्रुवारीत पाच दिवसांची रजा टाक, महाशिवरात्रीचा आठवडा सोडून, तेव्हा ओंकारेश्वरला पाय ठेवायला जागा नसते. तोवर दर रविवारी पाठीवर सहा किलो घेऊन राळामंडलची टेकडी दोनदा चढ-उतर, एखाद्या रविवारी जानापाव. मग सोमवारी सकाळच्या बसने ओंकारेश्वर, आणि संकल्प न करता दक्षिण काठाने चालायला लाग. मोरटक्का, मग रावेरखेडी, तिथे बाजीराव पेशव्यांची समाधी आहे नदीवर, १७४० मध्ये तिथेच गेले ते, संध्याकाळच्या उन्हात बस जरा तिथे. मग बकावां, आणि असं करत नावडातोडी, ते आलं की समोर महेश्वरचा किल्ला दिसतो. साठ-सत्तर किलोमीटर, पाच दिवसांत आरामात होतं. संकल्प नाही म्हणून तुला नावेने पलीकडे महेश्वरला जाता येईल, तिथून धामनोदवरून इंदूरची बस.

बेडियाच्या बाजूला मिरच्या वाळत घातलेल्या असतील, शेतंच्या शेतं लाल, ओढणी नाकाला बांध नाहीतर शिंकून शिंकून जीव जाईल. रोज मुक्कामावर पाय धुऊन दोन्ही टाचा, बोटांच्या मधल्या जागा बघायच्या, आणि वहीत लिहायचं किती चाललीस, कुठे दुखलं, कुणाकडे जेवलीस. त्या एक्सेलमधला २५ चा आकडा मग तूच बदलशील. शनिवारी घरी पोचलीस की मला पत्र टाक, आधी टाचांचं लिही.